सासरे गॅस पेटवायला शिकले

सासरे आमच्याकडे जालन्याला आले ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, पंधरा दिवसांकरता. त्याला आता दोन वर्षं होत आली. सासूबाई गेल्यापासून ते पिंपळगाव रेणुकाईला धाकट्या दिरांकडे असायचे. ऑपरेशन झालं, डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाली, काळा चष्मा आला, काळा चष्माही गेला, पण परत जायचं नाव त्यांनीही काढलं नाही आणि आम्हीही नाही.

सगळी नोकरी त्यांनी लाल गाडीत कंडक्टर म्हणून काढली. भरलेल्या गाडीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर, दोन्ही हात सोडून तिकीट फाडणारा माणूस. पण घरात चूल असो की गॅस, त्यांनी कधी काडी ओढली नव्हती. ड्युटीवरून आले की चहाचा कप हातात यायचा. तो कुठून येतो याची चौकशी त्यांनी उभ्या आयुष्यात केली नव्हती. आणि हा कप दिवसातून सहा वेळा यावा लागायचा.

आम्ही मस्तगडला एका शिंप्याच्या दुकानावर भाड्यानं राहतो. नवरा स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझर, मी भोकरदन रोडवरच्या एका खेड्यात शाळेवर शिक्षिका. दहा वाजता आम्ही दोघंही घराबाहेर. मागे सासरे एकटे, आणि त्यांचे दुपारचे तीन चहा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाभर धुरापासून, शेगडीच्या आचेपासून लांब ठेवा. मी त्या महिन्याचे सहा महिने केले. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. भर दुपारी खिडकीतून ऊन आलं की गॅसची निळी ज्योत मलाच धड दिसत नाही, तिथं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांचा काय भरवसा? म्हणून मी निघताना रेग्युलेटर बंद करायची, लायटर तांदळाच्या डब्यात लपवायची आणि थर्मास भरून ठेवायची.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते मला बाई म्हणतात, मास्तरीणबाईतली बाई.

"बाई," ते संध्याकाळी सुरू व्हायचे, "थर्मासातला चहा म्हंजे डेपोतून दोन घंटे उशिरा सुटलेली गाडी. पोचती, पण चढावं वाटत न्हाई."

"मामा, गॅस म्हणजे खेळ नाही."

"मंग शिकव ना. मास्तरीण कशाची तू?"

हे मला लागलं. मी रविवारी शिकवणी ठेवली. नवरा पोह्यांची ताटली घेऊन प्रेक्षक म्हणून ओट्याजवळ स्टुलावर बसला. मी एकेक करून दाखवलं. आधी खिडकी उघडायची. मग जरा वास घ्यायचा, गॅसचा वास नाही ना ते बघायचं. वास असला तर विजेच्या कुठल्याच बटनाला हात लावायचा नाही, त्यात ठिणगी असते. मग रेग्युलेटर चालू. मग लायटर हातात घ्यायचा आणि त्यानंतरच बटन फिरवायचं, त्याच्या आधी नाही.

"एवढंच? टपावरून उसाची मोळी उतरवणं याच्यापेक्षा औघड," असं म्हणत मामा पुढं झाले. खिडकी उघडली. रेग्युलेटर लावला. बटन फिरवलं. मग म्हणाले, "माझा चष्मा कुठंय?" आणि चष्मा शोधायला बाहेरच्या खोलीत निघून गेले. इकडं गॅस फुसफुसतोय. मी झडप घालून बटन बंद केलं.

दुसऱ्या खेपेला ज्योत पेटली. चहाला उकळीही आली. आता उतरवायचं, तर ओट्यावर सांडशी पडलेली असताना मामांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि त्यानंच पातेलं धरलं. उपरण्याचं दुसरं टोक ज्योतीपासून बोटभर अंतरावर डुलत होतं.

"नापास," मी म्हणाले.

नवऱ्याला पोह्यांचा ठसका लागला. "हे बघायला आई पाहिजे होती," तो हसत म्हणाला. मामांनी उपरणं नीट घडी करून खांद्यावर टाकलं.

"ठीक हाय. नापास तं नापास," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

त्यानंतर थर्मासबद्दल त्यांची तक्रार बंद झाली. आठ दिवस, दहा दिवस, एक शब्द नाही. मी आपली खूश. खरं तर तिथंच मला शंका यायला हवी होती. अर्ध्या तिकिटावरून सबंध बस रस्त्यात उभी करणारा माणूस एका रविवारात हार मानेल का? पण रोज संध्याकाळी थर्मास रिकामा सापडायचा, आणि मी विचारलं की मामा म्हणायचे, "झकास होता." आमच्या मोरीत मात्र त्याच दिवसांत लाल मुंग्या लागल्या. मोरीपासून दारापर्यंत लांबच लांब रांग. मी हळद टाकली, रॉकेल पुसलं, मुंग्या काही हटेनात. मुंग्यांचा आणि थर्मासचा संबंध जोडायला मला वेळ लागला.

एक दिवस भोकरदनला आमचं प्रशिक्षण होतं. तिथं गेल्यावर कळलं की ते रद्द झालंय. मी मिळाली ती गाडी धरून तीनच्या सुमाराला घरी आले. खालचं शिंप्याचं दुकान अर्धं शटर ओढून गप्प होतं, मशीनचा आवाज नाही. या शिंप्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते. दुपारी तीनला चाचा दुकान सोडून गेलेले मी कधी पाहिले नव्हते. जिना चढायला लागले तर चाचांचा आवाज वरून, आमच्याच स्वयंपाकघरातून.

"पहले खिडकी, भाईजान. दर वख्ताला इसरून राह्यले तुम्ही."

"उघडली खिडकी."

"वास?"

"न्हाई."

"लायटर?"

"हातात हाय. रेग्युलेटर चालू केला. आता तुम्ही दोन घंट्या द्या."

"टिंग टिंग," चाचांनी तोंडानं घंटी दिली.

टक, टक, आणि भक्क.

"उपरणं कुठंय?" चाचा.

"खुंटीला."

"शाब्बास!"

मी जिन्यात उभी राहून पदर तोंडात कोंबला. लायटर तर माझ्या तांदळाच्या डब्यात होता. म्हणजे मामांनी स्वतःचा लायटर विकत आणला होता. आत जाऊन दोघांना रंगेहाथ धरणं सोपं होतं. पण वर्गात कॉपी करणाऱ्याला लगेच पकडण्यात मजा नसते, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं. मी पाय न वाजवता खाली उतरले, शटरखालून वाकून दुकानात शिरले आणि चाचांच्या मशीनपुढच्या स्टुलावर जाऊन बसले.

पंधरा मिनिटांनी चाचा मिशीवरचा चहा पुसत आले. शटर वर केलं आणि मला बघून जागीच थिजले.

"चाचा, चहा कसा झाला?" मी विचारलं.

"मॅडम..." चाचांनी दोन्ही कानांना हात लावले. "कसम से, रेग्युलेटर मी सोता बंद करतो. भाईजानला एकट्याला मी एक दिवस पेटवू न्हाई देल्लं. बिलकुल न्हाई."

"किती दिवस चालू आहे हे?"

"तुम्ही नापास केलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. लय वाईट वाटल्तं त्यांना."

"आणि माझा थर्मासचा चहा?"

चाचा खाली बघू लागले. "तो मोरीत."

मुंग्यांचा उलगडा झाला.

मी चाचांकडून दोन वचनं घेतली. एक, मला कळलंय हे मामांना सांगायचं नाही. दुसरं, मामांना एकट्याला सोडायचं नाही. चाचांनी दोन्ही दिली, वर माझा ब्लाउज वेळेत द्यायचं तिसरंही न मागता दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मास भरताना चहात साखरेऐवजी एक चमचा मीठ टाकलं.

संध्याकाळी विचारलं, "मामा, चहा कसा होता?"

"झकास."

त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन चमचे.

"आज तं कालच्यापेक्षा भारी व्हता, बाई. आलं टाकल्तं का?"

तिसऱ्या दिवशी मी मूठभर मीठ टाकलं. त्या दिवशी शनिवार, माझी सकाळची शाळा, पण मीटिंग लागल्यामुळं मला यायला चार वाजले. नेमका नवराही डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आलेला. मी चपला काढत होते आणि आतून आवाज आला, "थू! थू!"

नवरा मोरीकडं धावला. मामा गॅलरीतून उठून आले. हातात थर्मासचं झाकण घेऊन नवरा माझ्याकडं बघत होता. "अगं, हा चहा आहे का समुद्र?"

"खारट हाय?" मामा गडबडीनं म्हणाले. "मला तं तसं काही... तीन दिवसांपासून मी हाच पिऊन राह्यलो..."

आणि मध्येच थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. आधी त्यांच्या लक्षात आलं की चहात मीठ होतं. मग लक्षात आलं की ते मी टाकलं होतं. मग, की मी ते का टाकलं होतं. नव्या डोळ्यांतून हे तिन्ही टप्पे मला एकामागून एक उतरताना दिसले.

"चाचानं सांगतलं," ते म्हणाले.

"चाचांनी नाही. मी जिन्यात होते. टिंग टिंग."

मामा आधी कानापर्यंत लाल झाले आणि मग जे हसायला लागले, ते भिंतीला टेकले. नवऱ्याला काहीच कळेना. तो एकटा चूळ भरत राहिला.

त्याच संध्याकाळी मी त्यांची परीक्षा पुन्हा घेतली. उपरणं खुंटीला, बाह्या कोपरापर्यंत, खिडकी सताड. चूक काढायला जागा नव्हती. चहा झाल्यावर बटन बंद, मग रेग्युलेटर बंद, मग बटन पुन्हा हातानं चाचपून बघितलं. मी पास केलं, आणि लायटर तांदळाच्या डब्यातून काढून खिळ्याला टांगला. साखर मात्र एका चमच्यावर नेऊन ठेवली, कारण ती डॉक्टरांची ताकीद होती.

हे सगळं इथं संपलं असतं तर माझी मान ताठ राहिली असती.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सकाळचे नऊ वाजलेले, नवरा कामावर गेलेला, मामा अंघोळीला. खाली गल्लीत कुणीतरी गाद्या झोडपत होतं, धूळ नको म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. बारीक आचेवर दूध ठेवलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिच्या नणंदेच्या लग्नात कुणी कुणाला कसली साडी नेसवली, हा विषय. मी बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेले. दोनच मिनिटं, असं मला वाटलं.

वास आला तेव्हा बहीण तिसऱ्या साडीवर होती. मी स्वयंपाकघरात धावले. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलेलं, ज्योत विझलेली आणि बर्नरमधून बारीक फुसफुस चालू. दार-खिडकी बंद. वास असा की घशात बसला. वास घालवायचा, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि माझा हात एक्झॉस्ट फॅनच्या बटनाकडं गेला.

"हात मागं!"

मी जागच्या जागी गोठले. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. तो गाडीतला आवाज होता. खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्यावर, दारात लटकणाऱ्यावर टाकायचा. न्हाणीच्या दारात मामा उभे होते, कमरेला टॉवेल, अंगावर साबणाचा फेस.

"हात मागं घे. कशालाच हात लावू नको."

ते पुढं आले, शेगडीचं बटन बंद केलं. खाली वाकून रेग्युलेटर बंद केला. खिडकी उघडली, दार सताड उघडं केलं. मग त्याच खिडकीतून खाली वाकून ओरडले, "चाचा! बिडी फेका! इस्त्रीच्या बटनाला हात लावू नका, भायेर या! जल्दी!"

"काय झालं, भाईजान?"

"आधी भायेर, मंग विचारा!"

दोन मिनिटांत आम्ही तिघं गल्लीच्या पलीकडच्या बाजूला उभे होतो. मी हातात तसाच फोन धरलेली, चाचा गळ्यात टेप आणि कानावर खडू, आणि मामा टॉवेलवर, साबणाचा फेस अंगावरच वाळत चाललेला. नळावर पाणी भरणाऱ्या बायांनी तोंडं फिरवली, पण हसू काही त्यांना फिरवता आलं नाही. मामांना त्याचं काही नव्हतं. वर आमच्या उघड्या खिडकीकडं ते टक लावून बघत होते.



"बाई," ते हळूच म्हणाले, "बटनात ठिणगी असती. तूच सांगतलं व्हतं ना, त्या रविवारी?"

सांगितलं होतं खरं. जिभेला ते पाठ होतं, पण हाताला नव्हतं. मला रडू यायला लागलं. मामांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि चाचांकडून दुकानातली एक धुवट चादर मागून अंगावर घेतली.

थोड्या वेळानं ते घसा खाकरून म्हणाले, "मी कोणाला सांगत न्हाई. पोराला बी न्हाई."

"बरं, मामा."

"पण साखर दोन चमचे."

"मामा!"

"बघ बुवा."

"दीड."

"चालल," असं म्हणून त्यांनी चाचांकडं बघून डोळा मिचकावला. माझं रडू तिथंच आटोपलं, राग आल्यामुळं.

वास पूर्ण जाईपर्यंत, चांगला तासभर, त्यांनी मला वर जाऊ दिलं नाही. मग आधी स्वतः जाऊन आले, मग मला बोलावलं. मी शेगडी पुसली, बर्नरच्या भोकांमधलं दूध सुईनं काढलं. मामा अंघोळ उरकून आले आणि ओट्याखाली उकिडवे बसून सगळं निरखायला लागले. ऑपरेशननंतर त्यांना मुंगीचे पायही मोजता यायला लागले होते.

"बाई, या नळीवर काहीतरी छापेल हाय."

"कुठं?"

"हे काय. महिना अन् साल."

मी वाकून बघितलं. रबरी नळी बदलायची तारीख होती ती. ती कधीच उलटून गेली होती. किती मागं, ते मी इथं लिहीत नाही. सुरक्षिततेचा पाठ मी दरवर्षी शाळेत शिकवते, आणि फळ्यावर नळीचं चित्रही काढते.

"मुदत संपेल पास हाय हा," मामा म्हणाले. "असल्या पासावर मी सोताच्या मेव्हण्याला बसू न्हाई देल्लं."

रेग्युलेटर त्यांनी मला पुन्हा लावू दिला नाही. त्या दिवशी आम्ही खालून आणलेल्या पोह्यांवर आणि केळ्यांवर राहिलो. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, स्वयंपाक का नाही? मामा छताकडं बघत बसले. दिलेला शब्द पाळत होते. शेवटी मीच सगळं सांगितलं, फॅनच्या बटनासकट.  नवऱ्यानं उठून मामांना चटणीचा डबा सरकवला, जे तो एरवी कधी करत नाही.

"आता मी स्वतःच सांगितलं," मी मामांना म्हणाले. "म्हणजे साखर परत एक चमचा."

"सवलत एकदा देल्ली का परत घेता येत न्हाई. नियम हाय."

दुसऱ्या दिवशी गॅसचा माणूस नवी नळी घेऊन आला. त्यानं ती बसवली, जोडावर साबणाचा फेस लावला, बुडबुडे येत नाहीत हे दाखवलं. मामा त्याच्या डोक्यावर उभे राहून विचारत होते. फेस कितीदा लावायचा? ही नळी वळली तर? हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, म्हणता, मंग जिन्यानं खाली दुकानात उतरल का? तो माणूस घाम पुसत म्हणाला, "काका, तुम्ही गॅसच्या लाइनीत व्हते का?"

"न्हाई. पण आता हाय."

आणि खरोखरच झाले. हल्ली अकरा वाजले की ते चष्मा पुसून गल्लीत निघतात. दारात उभं राहून म्हणतात, "वहिनी, नळी दाखवा." ओट्याखाली वाकतात, तारीख मोठ्यानं वाचतात. एका घरी नळी कडक होऊन तडकली होती आणि जोडावर चिंधी बांधलेली होती. त्या बाईनं त्याच दिवशी बदलून घेतली. आणखी एका ठिकाणी सिलिंडर आडवा ठेवून वर पाट टाकून बसायची सोय केलेली होती. समोरच्या घरातल्या बाईंनी मात्र तोंडावर दार लावलं. म्हणाल्या, आमच्या घरात आम्ही बघून घेऊ, तुम्ही तुमच्या सुनेकडं बघा. हे मामांनी मला जसंच्या तसं येऊन सांगितलं, जरा चवीनं.

मागच्या आठवड्यात त्याच बाई आमच्या दारात. "काका, जल्दी चला, लय वास येऊन राह्यला!"

मामा भाकरीचा तुकडा ताटात टाकून उठले. पाठोपाठ मीही धावले. त्यांनी आधी घरातली सगळी माणसं बाहेर काढली, बाईंच्या झोपलेल्या सासूला पलंगावरून उठवलं, दार-खिडक्या उघडल्या, कुणाला बटनाला हात लावू दिला नाही. रेग्युलेटर तर आधीच बंद होता. फेस लावला, एक बुडबुडा नाही. नळी नवी. शेगडी कोरडी. तरी वास होताच. मामा नाक पुढं करून जमिनीलगत हुंगत हुंगत कोपऱ्यात गेले आणि कांद्याच्या टोपलीच्या तळातून दोन बोटांनी एक बटाटा बाहेर काढला. तो इतका सडलेला होता की त्यांच्या बोटांतच फुटला.

गल्लीत हशा पिकला. बाई ओशाळल्या, त्यांची सासू चिडली. मामांनी नळावर हात धुतले, तीनदा, आणि येऊन पुन्हा ताटावर बसले.

"एका बटाट्यासाठी सगळं घर बाहेर काढलंत, मामा," मी म्हणाले.

"मंग?" भाकरी मोडत ते म्हणाले. "आधी भायेर, अन् मंग बटाटा. उलटं न्हाई करायचं, बाई."